टोकण्याचा अधिकार : प्रस्तावना

कसे बोलावे ह्याविषयी आपल्या वाङ्मयात उपदेशाची वाण नाही. मितभाषणाची थोरवी, मधुर वाणीचे सामर्थ्य, सभेत मौन केव्हा पत्करावे आणि केव्हा सोडावे ह्या विषयांवर सुभाषितकारांपासून शालोपयोगी निबंधांच्या कर्त्यांपर्यंत सर्वांनी आपापली लेखणी झिजवली आहे. परंतु दुसरा बोलत असताना त्याला मध्येच थांबवण्याची जी क्रिया, जिच्यावाचून कोणतेही संभाषण फार काळ संभाषण राहत नाही आणि बघता बघता एकाचे व्याख्यान होऊन बसते, त्या क्रियेकडे मात्र केवळ शिष्टाचाराचा भंग म्हणून पाहण्याची, आणि लहान मुलांना तिच्यापासून परावृत्त करण्यापलीकडे तिचा काहीच विचार न करण्याची वहिवाट आपल्याकडे पडली आहे. ही उपेक्षित क्रिया हाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय होय. तिच्यासाठी मराठीत जी क्रियापदे व जे वाक्प्रचार रूढ आहेत त्यांपैकी ‘टोकणे’ हे एक क्रियापद मध्यभागी ठेवून, बाकीच्यांचे त्याच्याशी असलेले नाते पुढील प्रकरणांत तपासले आहे.

ह्या कुळातील शब्दांची समृद्धी ज्याला पाहावयाची असेल त्याने मोल्सवर्थचा कोश, यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे ह्यांनी सहकाऱ्यांसह १९३२ ते १९३८ ह्या काळात सात विभागांत सिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश, आणि पुढे दाते-कर्वे ह्यांनीच संपादिलेला महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश, हे ग्रंथ उघडून बसावे. परंतु कोशात शब्द अकारविल्हे बसतात आणि बोलण्यात ते पायरीपायरीने बसतात. म्हणून येथे त्यांची मांडणी वेगळ्या रीतीने केली आहे. ज्याचा विषयाशी संबंध नाही तो ‘तोंड घालतो’. ज्याला दुसऱ्याचे ऐकून घ्यावयाचे नाही तो ‘बोलणे तोडतो’. ठरत आलेली गोष्ट ठरू नये अशी ज्याची इच्छा आहे, मग ती लग्नाची बैठक असो की शेताच्या बांधाची तडजोड, तो ‘मोडता घालतो’. मूळ मुद्दा अडचणीचा वाटल्यामुळे ज्याला तो दृष्टिआड करावयाचा आहे तो ‘फाटे फोडतो’. ह्या सर्वांच्या उलट, दुसऱ्याचे म्हणणे पुरते होण्याआधीच ते मान्य करून टाकणारा जो ‘री ओढतो’, त्याच्याही हातून संभाषणाचे बरे होते असे नाही. कारण री ओढणाऱ्याच्या संगतीत आपली चूक कळण्याची सोयच उरत नाही. ‘टोकणे’ ह्या सर्वांहून निराळे आहे, आणि ते कशामुळे निराळे आहे हे सांगणे एवढेच ह्या प्रस्तावनेचे प्रयोजन.

प्रथम व्याकरणाकडे पाहू. मोरो केशव दामले ह्यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने प्रयोगविचाराची जी सूक्ष्म दृष्टी मराठी अभ्यासकाला दिली, ती येथे उपयोगी पडते. ‘मी त्याचे बोलणे तोडले’ ह्या वाक्यात कर्म ‘बोलणे’ हे आहे; ‘मी त्याला टोकले’ ह्या वाक्यात कर्म आहे तो माणूस, आणि कर्म सप्रत्यय असल्यामुळे प्रयोग भावे झाला आहे. ‘त्याचे बोलणे टोकले’ असे कोणी मराठी माणूस म्हणत नाही. हा भेद वरवर पाहता केवळ विभक्तीचा वाटतो, परंतु त्यात व्यवहाराचा एक मोठा सिद्धांत दडलेला आहे. तोडणाऱ्याचा आघात बोलण्यावर होतो, आणि तुटलेले बोलणे तेथेच पडून राहते. टोकणारा बोलण्याला हात लावीत नाही, तो बोलणाऱ्याला सावध करतो, आणि सावध झालेल्या त्या मनुष्याने आपले बोलणे स्वतःच सुधारून पुढे चालवावे अशी त्याची अपेक्षा असते. टोकल्यानंतर बोलण्याची पाळी मूळ वक्त्याकडे परत जाते. तशी ती परत गेली नाही, तर जे घडले त्याला टोकणे म्हणता येत नाही.

शेतकऱ्याच्या तोंडी हेच रूप एका निराळ्या अर्थाने येते. पाभरीने बी सोडत जाणे ही पेरणी. आणि ठरावीक अंतरावर, ठरावीक खोलीला, हाताने एकेक दोनदोन दाणे जमिनीत घालणे ही टोकणी. दोन्ही क्रियापदांचे रूप सारखे आहे, एवढ्यावरून त्यांचे मूळ एक मानण्याची घाई करण्याचे कारण नाही. परंतु दाणा कोठे पडावा ह्याचा अदमास, दोन दाण्यांमधील अंतराचे भान, आणि हात जमिनीत असेपर्यंतच काम व नंतर हात बाहेर, ही टोकणीची तीन अंगे बोलण्यातल्या टोकण्यालाही जशीच्या तशी लागू पडतात, हे कोणाही जाणत्याच्या ध्यानात येईल.

‘टोकणे’ ह्याच्या अगदी शेजारी ‘हटकणे’ उभे आहे, आणि पुष्कळ लोक बोलताना ह्या दोहोंत फरक करीत नाहीत. परंतु फरक आहे. वेशीवरचा राखणदार अनोळखी मनुष्याला हटकतो. तो कोण, कुठला आणि कशासाठी आला, हे विचारण्याचा अखत्यार त्याला त्याच्या नेमणुकीने मिळालेला असतो, आणि हटकल्या जाणाऱ्याच्या बोलण्याशी नव्हे तर त्याच्या येण्याजाण्याशी त्याचा संबंध असतो. घरातून कामाला निघालेल्या माणसाला ‘कुठे निघालास?’ असे विचारू नये, विचारल्यास काम फिसकटते, असा जो समज आपल्या घराघरांत रूढ आहे, त्यातही निषेध हटकण्याचाच आहे. टोकण्यासाठी मात्र अशी नेमणूक लागत नाही. त्यासाठी आपुलकी लागते, किंवा विषयाचे ज्ञान लागते, किंवा निदान नुकसानीत वाटा तरी लागतो. म्हणूनच जेथे टोकणारा वयाने वा अधिकाराने लहान असतो तेथे तो ‘लहान तोंडी मोठा घास घेतो’ अशी नम्र सुरुवात करतो. पण ह्या नम्रतेआडून तो आपला घास घेतोच, आणि ऐकणाऱ्या थोराने तो घेऊ द्यावा हाच दोघांमधला अलिखित करार असतो.

ह्या कराराचे मराठी मनावर ठसलेले उदाहरण म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. थोरले माधवराव पेशवे स्नानसंध्येत व जपजाप्यात अधिकाधिक काळ घालवू लागले तेव्हा शास्त्रीबुवांनी काशीला जाण्याची रजा मागितली, आणि कारण विचारले असता, ब्राह्मणाचे कर्म करावयाचे असेल तर तेच करावे व राज्य करावयाचे असेल तर राज्याकडे पाहावे अशा आशयाचे उत्तर दिले, अशी कथा सांगतात. ह्या कथेतील मर्म शास्त्रीबुवांच्या धारिष्टाइतकेच पेशव्यांच्या वर्तनातही आहे. कारण माधवरावांनी ते बोलणे मनावर घेतले आणि कारभार पुन्हा हाती धरला. टोकणे ही क्रिया अशी दोघांनी मिळून पुरी करावयाची असते. एकाने टोकले आणि दुसऱ्याने मनावर घेतले नाही, तर तिचे पर्यवसान तक्रारीत होते, आणि दुसऱ्याने सूड उगवला तर इतिहासात.

फारसी अमदानीने आपल्या दप्तरी भाषेला जे शब्द दिले त्यांत ह्या विषयाच्या जवळचे दोन शब्द मराठीने आपल्या वळणाने घडवून घेतले आहेत. ‘हरकत’ ह्याचा मूळ अरबी अर्थ हालचाल. हिंदीत तो कृतीकडे, आणि बहुधा अनुचित कृतीकडे, वळला. गवयांनी त्याला एका सुरेल अलंकाराचे नाव केले. आणि मराठीत तो आक्षेपाचा वाचक होऊन ‘हरकत घेणे’ ह्या रूपाने सभागृहांत व न्यायालयांत जाऊन बसला, तर ‘हरकत नाही’ ह्या रूपाने प्रत्येक मराठी घरात दिवसातून कितीतरी वेळा उच्चारला जाऊ लागला. ‘दखल’ ह्याचा अर्थ प्रवेश. हिंदी भाषिक ‘दखल देतो’ तेव्हा तो दुसऱ्याच्या कामात शिरतो, आणि मराठी भाषिक ‘दखल घेतो’ तेव्हा तो दुसऱ्याचे म्हणणे विचारात घेतो. मध्येच शिरण्याचे शब्द मराठीच्या पेठेत आले आणि ऐकून घेण्याचे शब्द होऊन नांदू लागले. टोकणे आणि ऐकणे ह्यांना परस्परांपासून तोडू नये, अशी ह्या भाषेची खोड दिसते.

परंतु ह्या विषयाचा खरा शास्त्रीय विचार पाहावयाचा असेल तर फारसी दप्तराच्याही पुष्कळ मागे जाऊन न्यायसूत्रांचा पाचवा अध्याय उघडावा लागतो. गौतमाने तेथे बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. निग्रहस्थान म्हणजे वादात ज्या ठिकाणी पोहोचताच वादी पराभूत ठरतो ते ठिकाण. त्यांतील दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहेत. प्रतिपक्षी चुकला, निग्रहस्थानात सापडला, आणि तरीही आपण त्याला टोकले नाही, तर ते आपलेच निग्रहस्थान. ह्याचे नाव ‘पर्यनुयोज्योपेक्षण’. उलट, प्रतिपक्षी चुकला नसताना आपण त्याला चुकला म्हणून टोकले, तर तेही आपलेच निग्रहस्थान. ह्याचे नाव ‘निरनुयोज्यानुयोग’. टोकण्यासारखे असताना गप्प बसणे आणि टोकण्यासारखे नसताना बोलणे, हे दोन्ही दोष एकाच तोलाचे मानून, टोकणे हा शिष्टाचाराचा नव्हे तर कर्तव्याचा प्रश्न आहे असा निर्णय ह्या शास्त्राने देऊन ठेवला आहे. काम निघाल्याची सबब सांगून वादातून उठून जाणे, ज्याला ‘विक्षेप’ म्हणतात, त्यालाही त्याच यादीत स्थान आहे. आणि आजच्या कित्येक सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ह्या जुन्या यादीतील नोंदी ओळखीच्या वाटल्यावाचून राहणार नाहीत.

मराठीच्या आरंभकाळीच्या ग्रंथांतही टोकण्याला मानाचे पान आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरांचे निरूपण पुष्कळदा कोणा भक्ताच्या शंकेने किंवा अडाणी वाटणाऱ्या एखाद्या प्रश्नाने मार्गाला लागते, आणि पुढे केसोबासांनी ज्या वचनांचा सूत्रपाठ सिद्ध केला त्यांतील कित्येकांमागे असा कोणी विचारणारा उभा आहे. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी हा तर श्रोत्यांसमोर केलेल्या व्याख्यानाचाच ग्रंथ होय. तीत श्रोते मध्ये बोलतात, विषयांतर झाले की कथेकडे वळण्याची आठवण करून देतात. तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण लांबले तेव्हा त्या विस्ताराचे कारण ज्ञानेश्वर श्रोत्यांना विनवून सांगतात आणि मग पुढे जातात. नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ रचणाऱ्या कवीने श्रोत्याला हा अधिकार आपल्या रचनेतच बहाल करावा, ह्यात नम्रता आहेच. परंतु न टोकलेली वाणी स्वतःच्याच ओघात वाहवत जाते हे जाणणाऱ्याचे कलाभानही आहे. तमाशाच्या फडात वगातील राजाला पावलोपावली टोकणारा सोंगाड्या हा त्याच अधिकाराचा लौकिक वारस म्हणावा लागेल. राजाचे भाषण पुढे सरकते ते सोंगाड्याने टोकले म्हणूनच, आणि प्रेक्षकांना जे विचारावेसे वाटते ते त्यांच्या वतीने तो विचारतो.

सभा आणि न्यायालये ह्यांनी हाच अधिकार नियमात बसवला आहे. सरतपासणीत आपल्या साक्षीदाराला वकिलाने सूचक प्रश्न विचारू नयेत, म्हणजे उत्तर ज्यात अगोदरच भरून ठेवले आहे असे प्रश्न विचारू नयेत, हे सर्वश्रुत आहे. परंतु १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या १४२ व्या कलमाने ह्या निषेधाला प्रतिपक्षाच्या हरकतीची अट घातली होती, हे तितकेसे ध्यानात घेतले जात नाही. प्रतिपक्षाने हरकत घेतली तर न्यायालयाच्या परवानगीवाचून तसा प्रश्न विचारता येत नसे. त्याने हरकत घेतलीच नाही तर निषेधाची ती अटच पुरी होत नसे. कायद्याने येथे न्यायाचा एक भाग टोकणाऱ्याच्या जागरूकतेवर सोपवला. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत ३४९ वा नियम बोलणाऱ्या सदस्याला गोंगाटाने वा अन्य बेशिस्तीने अडवण्यास मनाई करतो, आणि ३७६ वा नियम हरकतीचा मुद्दा उपस्थित करण्याची मुभा देतो. मात्र तो मुद्दा नियमांच्या किंवा संविधानाच्या अर्थाविषयी वा अंमलबजावणीविषयी असावा, सभागृहापुढील कामाशी निगडित असावा, त्यावर चर्चा होऊ नये आणि अध्यक्षांचा निर्णय अंतिम असावा, असे बंधनही त्यासोबतच घालतो. बोलणे तोडण्याला बंदी आणि टोकण्याला वाट, असा हा विवेक आहे.

ही वाट बंद झाली म्हणजे काय होते, ह्याचा दाखला सुरतेच्या काँग्रेसने दिला आहे. २७ डिसेंबर १९०७ रोजी अध्यक्षांच्या निवडीच्या प्रसंगी आपल्याला उपसूचना मांडावयाची आहे, अशी लेखी सूचना लोकमान्य टिळकांनी अगोदर देऊन ठेवली होती. तिची दखल घेतली गेली नाही. रासबिहारी घोष अध्यक्षपदी निवडले गेल्याचे जाहीर होऊन त्यांचे भाषण सुरू होत असता टिळक व्यासपीठावर जाऊन उभे राहिले आणि आपला हक्क बजावल्याखेरीज हलणार नाही असे म्हणू लागले. त्यानंतर मंडपातून भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता ह्यांना लागला, खुर्च्या-काठ्या चालल्या, सभा तहकूब झाली. आणि दुभंगलेली काँग्रेस पुन्हा एक होण्यास १९१६ चे लखनौ अधिवेशन उजाडावे लागले. जहाल-मवाळांच्या वादाची कारणे पुष्कळ खोल होती, आणि एका उपसूचनेला वेळ दिल्याने ती नाहीशी झाली असती असे कोणी म्हणणार नाही. पण टोकण्याची रीतसर जागा नाकारली गेली की तिची जागा कोण घेतो, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

आधुनिक भाषाशास्त्राने व समाजशास्त्राने संभाषणातील पाळ्यांचा अभ्यास अलीकडच्या काळात मोठ्या बारकाईने केला आहे. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन ह्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कोणत्या क्षणी व कोणत्या नियमाने जाते, ह्याची मांडणी केली. आणि २००९ साली दहा भाषांची तुलना करणाऱ्या अभ्यासात असे आढळले की, एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे उत्तर सुरू होणे ह्यांतील अंतर सरासरीने सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असते. म्हणजे समोरच्याचे वाक्य कोठे संपणार ह्याचा अदमास ऐकणारा आधीच बांधत असतो. डॉन झिमरमन व कँडेस वेस्ट ह्यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील संभाषणांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात, स्त्री-पुरुषांच्या परस्पर बोलण्यातील ४८ व्यत्ययांपैकी ४६ पुरुषांकडून घडल्याचे नोंदले आहे. नमुना लहान होता आणि पुढील संशोधकांनी त्याच्या निष्कर्षांवर वाद घातले. तरीही त्याने विचारलेला प्रश्न आपल्याही ओसरीवर विचारण्यासारखा आहे. ज्या घरात सुनेने सासऱ्याला टोकणे म्हणजे उर्मटपणा, आणि सासऱ्याने सुनेचे बोलणे तोडणे म्हणजे वडीलकी, त्या घरात क्रियापदे बदलली आहेत ती केवळ कर्ता बदलल्यामुळे. कृती तीच आहे. पुस्तकाचे एक स्वतंत्र प्रकरण ह्याच अन्यायाला वाहिले आहे.

आजच्या काळी ह्या विवेचनाची निकड अधिक आहे. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर चर्चा म्हणून जे चालते त्यात पाच-सहा माणसे एकाच वेळी बोलत असतात, आणि पाहणाऱ्याचा असा ग्रह होतो की आपल्या सार्वजनिक जीवनात टोकणे फार वाढले आहे. वस्तुस्थिती उलट आहे. तेथे सगळे बोलणे तोडतात आणि टोकत कोणीच नाही. कारण प्रतिपक्ष्याने आपले विधान सुधारून पुढे बोलावे अशी तेथे कोणाचीच इच्छा नसते, आणि पाळी परत देण्याचा शिरस्ताही तेथे नाही. दुसऱ्या टोकाला आपल्या सत्कारसभा, उद्घाटने आणि वर्धापनदिन आहेत, जेथे वक्त्याने सन चुकवला, श्रेय चुकीच्या माणसाला दिले, अथवा न घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगितली, तरी संपूर्ण सभागृह सौजन्याच्या नावाखाली मान डोलावत राहते. गौतमाच्या यादीत ह्या दोन्ही सभांना जागा आहे: पहिलीत निरनुयोज्यानुयोग चालतो, दुसरीत पर्यनुयोज्योपेक्षण.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे सांगितले पाहिजे. पहिल्या भागात ‘टोकणे’ व त्याच्या कुळातील क्रियापदांचे अर्थ आणि प्रयोग दिले आहेत. दुसऱ्यात शास्त्रार्थ, कीर्तन, तमाशा, न्यायालय व विधिमंडळ ह्या पाच ठिकाणच्या रीती. आणि तिसऱ्यात घर, शाळा व कचेरी ह्यांतील व्यवहार. व्याकरणात ज्यांना गोडी नाही त्यांनी दुसऱ्या भागापासून वाचण्यास प्रारंभ केला तरी काही अडणार नाही. सर्व विवेचनाला धागा मात्र एकच आहे: मध्येच बोलणारा मनुष्य सभ्य की असभ्य हे त्याच्या स्वरावरून किंवा वयावरून ठरवू नये, बोलण्याची पाळी त्याने परत दिली की स्वतःपाशी ठेवून घेतली, ह्यावरून ठरवावे.

ह्या विचाराचा उपयोग केवळ भाषेच्या अभ्यासकांना व्हावा असा हेतू नाही. ज्यांच्याकडे एखाद्या सभेचे, संस्थेचे, गृहनिर्माण मंडळीच्या समितीचे किंवा गावच्या ग्रामसभेचे कामकाज चालवण्याची जबाबदारी आहे, त्या वाचकांना एकच विनंती आहे. प्रत्येक विषयानंतर हरकतींसाठी वेळ राखून ठेवावा, हरकत घेणाऱ्याला बोलू द्यावे, नंतर मूळ वक्त्याला त्याची पाळी परत द्यावी, आणि इतिवृत्तात मंजूर झालेल्या ठरावांबरोबर कोणी कोणती हरकत घेतली व तिचा निकाल काय लागला, हेही नोंदवून ठेवावे.